मालाच्या गाडीचे हब आणि ब्रेक ड्रम : दुरुस्ती केव्हा पुरते आणि बदलणे केव्हा भाग पडते?

कापडाच्या धंद्यात माल तयार होणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो ठरल्या दिवशी सुखरूप पोहोचणेही महत्त्वाचे असते. मालेगावचे कोरे कापड भिवंडी-मुंबईकडे येते, तेव्हा वाटेत कसारा घाट लागतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल मुंबईला निघाले की बोरघाट उतरावा लागतो. आपल्यापैकी बऱ्याच व्यापाऱ्यांनी आता भाड्याच्या गाडीवर न राहता स्वतःची ४०७, आयशर किंवा तशीच एखादी गाडी ठेवली आहे. गाडी घेताना आपण इंजिन पाहतो, टायर पाहतो, बॉडी किती फुटांची आणि किती गाठी बसतील याचा हिशेब करतो. परंतु चाकाच्या आत जे हब आणि ब्रेक ड्रम असतात त्यांची आठवण बहुधा आवाज येऊ लागल्यावर किंवा चाक तापल्यावरच होते.

दुसरीकडे आपल्या समाजातील हजारो तरुण गॅरेजमध्ये, लेथवर, लायनर बसवण्याच्या दुकानात आणि ग्रीसिंगच्या कामावर पोट भरतात. हे काम रोजचेच असल्यामुळे त्यात गाफीलपणा लवकर शिरतो. म्हणून आजचा लेख मालक आणि मिस्त्री या दोघांसाठी आहे. मालकाने काय विचारावे आणि मिस्त्रीने काय पाहावे, हे दोघांनाही ठाऊक असले तर पैसाही वाचतो आणि जीवही.

चाकाच्या आत काय असते?

हब म्हणजे चाकाचा मधला गाभा. तो एका जाड दांड्यावर, म्हणजे पुढच्या चाकात स्टब अ‍ॅक्सलवर आणि मागे अ‍ॅक्सलच्या नळीवर, दोन टेपर रोलर बेअरिंगच्या आधाराने फिरतो. आतल्या बाजूचे बेअरिंग मोठे, बाहेरचे लहान. आतल्या बाजूला एक ऑइल सील असते. बेअरिंगचे ग्रीस आणि मागच्या चाकात डिफरन्शियलचे तेल ब्रेककडे जाऊ नये, हे तिचे काम. हबवर स्टड असतात आणि त्यांवर चाक कसले जाते.

ड्रम हा बिडाच्या ओतकामाचा गोल डबा होय. तो हबबरोबर फिरतो. त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात आणि त्यांवर लायनर रिव्हेटने किंवा चिकटवून बसवलेले असते. पेडल दाबले की व्हील सिलिंडर शू बाहेर ढकलतो, लायनर ड्रमच्या आतल्या अंगावर घासते आणि चाक थांबते. मोठ्या ट्रकमध्ये तेलाऐवजी हवेचा दाब वापरतात, परंतु ड्रम आणि शू यांचे नाते तेच राहते. नव्या अनेक हलक्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक येतात, तरी मालवाहू गाडीच्या मागच्या चाकात बहुतेक ठिकाणी अजून ड्रमच असतो.

ड्रम आणि हब यांची जोडणी दोन प्रकारची असते. काही गाड्यांत ड्रम हबवर वेगळा बसतो आणि दोन-तीन स्क्रू काढले की सुटा होतो. काही ठिकाणी दोन्ही एकाच ओतकामात असतात. परदेशात मोटारीमागे जोडून नेण्याचे जे प्रवासी ट्रेलर असतात, त्यांत बहुधा हाच प्रकार असतो. तेथे ड्रम हद्दीबाहेर झिजला की हबसकट पूर्ण नग बदलावा लागतो आणि बेअरिंगही त्याच वेळी नवी घालतात. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे सुटा भाग घ्यायला जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.

घाटात ब्रेकवर किती भार पडतो?

ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणे. ही उष्णता प्रथम ड्रम शोषून घेतो आणि मग हवेत सोडतो. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते, हे प्रत्येक ड्रायव्हरला समजावून सांगण्यासारखे आहे.

आता घाटाचा हिशेब पाहू. कसारा घाटात इगतपुरीकडून खाली येताना सुमारे ३०० मीटर उतार पार करावा लागतो. एवढ्या उंचीवरून उतरताना जितकी शक्ती मोकळी होते, ती ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी तीच गाडी एकवीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. मालासह सहा टन वजनाची गाडी धरली, तर त्या उष्णतेने सुमारे ६० लिटर पाणी उकळीला येईल. ज्यांनी रंगकामाची भट्टी पाहिली आहे, त्यांना ६० लिटर पाणी उकळायला किती जळण लागते याचा अंदाज आहे. यातील काही भाग हवा आणि टायर घेतात. उरलेला भार घ्यायला दोनच जागा आहेत, इंजिन किंवा ब्रेक ड्रम. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन तो घेते. न्यूट्रल केली तर सगळा भार चार ड्रमवर पडतो.

ड्रम फार तापला की तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, त्यामुळे पेडल अधिक खाली जाते. दुसरी, लायनरची पकड कमी होते. तिसरी, व्हील सिलिंडरमधील ब्रेक ऑइल तापते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोहोचवत नाही. पेडल सरळ फळीला टेकते आणि गाडी थांबत नाही. मग लोक म्हणतात, ब्रेक फेल झाला. वास्तविक तो ब्रेक त्या एका क्षणात नव्हे, तर जुने तेल, पातळ झालेला ड्रम आणि न्यूट्रलमध्ये टाकलेला गिअर या तिन्हींमुळे आधीपासूनच फेल होत आलेला असतो.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पुढे पोलिसांच्या तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे समोर आले. इंजिन बंद झाले की हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो, तेलाच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि इंजिनची रोखण्याची ताकदही जाते. डिझेल वाचवण्यासाठी हे केले जाते, परंतु त्यात बचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर पंप डिझेल तोडतोच.

गाडी आधीच इशारा देते

हब आणि ड्रम एकाएकी बिघडत नाहीत. ड्रायव्हरला पुढील लक्षणे सांगून ठेवावीत आणि त्याने सांगितल्यावर ती हसण्यावारी नेऊ नयेत.

पेडल दाबल्यावर पाय मागे-पुढे हलत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोन बाजूंचे ड्रम किंवा लायनर सारखे नाहीत, अथवा एका चाकात ग्रीस उतरले आहे. घासल्याचा धातूचा आवाज म्हणजे लायनर संपून रिव्हेट ड्रमला खात आहे. पेडल दिवसेंदिवस खाली जात असेल तर शू सेटिंग मागते किंवा कोठेतरी तेल गळते. चाकाच्या आतल्या बाजूस टायरवर तेलकट ओघळ दिसला तर सील गेली आहे.

हबची परीक्षा सोपी आहे. वीस-पंचवीस किलोमीटर सरळ रस्त्यावर, ब्रेक फारसा न लावता गाडी चालवून थांबवावी आणि प्रत्येक हबजवळ हात न्यावा. आधी हात जवळ धरून पाहावा, एकदम टेकवू नये. एक हब इतरांपेक्षा फार गरम असेल तर बेअरिंग जास्त कसले आहे, ग्रीस संपले आहे किंवा ब्रेक धरून राहतो. नंतर चाक उचलून वर आणि खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल आहे. चाक हाताने फिरवताना घरघर झाली तर बेअरिंगचे रोलर किंवा कप खराब झाला आहे.

लेथवर घ्यायचा की नवा घालायचा?

खर्चाचा प्रश्न येथेच येतो. ड्रमच्या आतल्या अंगाला चरे पडले की मिस्त्री सांगतो, ड्रम लेथवर टर्न करून घेऊ. हे काम योग्य आहे, पण त्याला हद्द आहे.

बहुतेक ड्रमवर ओतकामातच एक आकडा असतो. तो ड्रमचा जास्तीत जास्त आतला व्यास दाखवतो. गंजामुळे दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने घासून पाहावे, नाहीतर कंपनीच्या पुस्तकात पाहावे. हा आकडा सर्वसाधारणपणे ड्रम टाकून देण्याची हद्द असते. लेथवर त्या हद्दीपर्यंत कापायचे नसते. कापल्यानंतरही पुढे झिजायला जागा उरली पाहिजे. हद्द ओलांडलेला ड्रम पातळ होतो. पातळ ड्रम लवकर तापतो, जास्त फुगतो आणि शेवटी तडकतो.

आपण कापडाचा ताका घेताना पन्हा डोळ्यांनी ठरवत नाही, गज लावतो. ड्रमच्या बाबतीतही तेच करावे. इनसाइड मायक्रोमीटरने किंवा ड्रम गेजने माप घ्यावे. माप एकाच ठिकाणी घेऊन भागत नाही. आधी एका दिशेने, मग काटकोनात दुसऱ्या दिशेने घ्यावे. दोन्हींत फरक आला तर ड्रम लंबगोल झाला आहे. तसेच आतल्या कडेजवळ आणि बाहेरच्या कडेजवळ वेगवेगळे माप घ्यावे. फरक आला तर ड्रमचे तोंड फाकले आहे. शू जेथे घासत नाही त्या कडेचे माप मोजू नये, कारण ती झिजलेली नसते आणि फसवते.

पुढील बाबतीत लेथचा विचारच करू नये. आरपार तडा, किंवा कडेपर्यंत गेलेला तडा असला की ड्रम भंगारात गेला पाहिजे. वरवरच्या केसासारख्या बारीक रेघा उष्णतेने पडतात. टर्न केल्यावर त्या निघून गेल्या आणि माप हद्दीत राहिले तर ड्रम चालतो. न निघाल्या तर नाही. निळे-काळे कडक डाग म्हणजे तेथे बीड जळून टणक झाले आहे. तडकलेल्या ड्रमला वेल्डिंग करून रंग मारून विकणारेही बाजारात भेटतात. बिडाच्या वेल्डिंगवर ब्रेकचा भरवसा ठेवता येत नाही. असा ड्रम फुकट मिळाला तरी महाग आहे.

एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे असावेत, म्हणून टर्न करायचे तर दोन्ही करावेत. एक नवा घालायचा तर दुसरा मोजून पाहावा आणि दोघांत फरक असेल तर जोडीच बदलावी. एक बाजू नवी आणि दुसरी हद्दीला आलेली, अशा गाडीत पहिल्या पावसातच ओढ जाणवते. लायनरचेही तसेच आहे. ते दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच दर्जाचे आणि एकाच वेळी बदलावे. टर्न केलेल्या ड्रमला जाड लायनर लागते. ते न घातल्यास शूचा बाक ड्रमशी जुळत नाही आणि लायनर फक्त मध्यभागी टेकते.

येथे एका सवयीचा उल्लेख करणे जरूर आहे. घाट उतरल्यावर ड्रायव्हर चाकांवर पाणी ओततात. तापलेल्या बिडावर एकदम थंड पाणी पडले की ते आकसते आणि तडकते. ड्रममधील बरेच तडे या पाण्यातूनच जन्माला येतात. गाडी सावलीत उभी करून आपोआप थंड होऊ द्यावी. सपाट जागा असेल तर चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढू नये, कारण तापलेला ड्रम आकसताना शूवर आवळला जातो.

खोलण्याचे काम

गाडी सपाट आणि पक्क्या जागेवर घ्यावी. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेव्हा पाइप लावून जोर करण्यापूर्वी पाहून घ्यावे. गाडी उचलल्यावर केवळ जॅकवर ठेवू नये. अ‍ॅक्सलखाली मजबूत घोडी लावल्याशिवाय कोणाही शागीर्दाला खाली जाऊ देऊ नये. विटा रचून केलेला आधार अचानक फुटतो.

ड्रम निघत नसेल तर घणाचे घाव घालण्यापूर्वी अ‍ॅडजस्टर सैल करावा. झिजलेल्या ड्रमला आत कड तयार झालेली असते आणि शू तिच्यात अडकतात. अनेक ड्रमला दोन आट्यांची भोके ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही सारखे पिळत गेले की ड्रम आपणहून बाहेर येतो. मागच्या चाकाचा हब काढायचा असेल तर प्रथम अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढावा लागतो. त्या वेळी थोडे गिअर ऑइल गळते, म्हणून खाली भांडे ठेवावे आणि ते तेल शूवर पडू देऊ नये. ड्रम काढलेला असताना कोणीही पेडल दाबू नये, नाहीतर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात.

खोलल्यावर केवळ ड्रम पाहून थांबू नये. व्हील सिलिंडरचे रबर हलकेच उचलून आत तेल आहे का पाहावे. स्प्रिंग उष्णतेने ढिल्या पडल्या असतील तर बदलाव्यात. त्या स्वस्त असतात, आणि ढिल्या स्प्रिंगमुळे शू मागे येत नाही आणि ड्रम सतत तापत राहतो. ग्रीस किंवा ब्रेक ऑइल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. गरम झाल्यावर आत मुरलेले तेल पुन्हा वर येते.

बेअरिंग, ग्रीस आणि सील

बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलने स्वच्छ धुऊन कोरडे करावे. कॉम्प्रेसरची हवा मारून ते भिंगरीसारखे फिरवण्याची मौज करू नये. रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो आणि कोरडे बेअरिंग खराबही होते. रोलरवर किंवा कपवर खड्डे, निळसर रंग किंवा खवले दिसले तर बेअरिंग बदलावे. रोलरचा भाग आणि कप ही जोडी असते. नवा रोलर जुन्या कपात घालू नये.

कप हबमध्ये पितळी ड्रिफ्टने सगळीकडून सारखा ठोकत बसवावा. पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो. अनुभवी उस्ताद तो कानाने ओळखतात. कप हबमध्ये हाताने फिरत असेल तर हबची जागा झिजली आहे. पुष्कळ ठिकाणी आत पंच मारून किंवा पातळ पत्रा घालून तो घट्ट करतात. असा कप चार दिवस बसतो आणि भर रस्त्यात पुन्हा फिरू लागतो. हब बदलण्याची वेळ आली ती हीच. स्टडची भोके लांबट झाली असतील, हबला तडा असेल, तरीही हब बदलणे हाच इलाज आहे.

ग्रीस हे चाकाच्या बेअरिंगसाठी असलेले, उष्णता सहन करणारे घ्यावे. एका जातीच्या ग्रीसवर दुसरे चढवू नये. काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहतात. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावे, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर आले की आत भरले असे समजावे. हबची संपूर्ण पोकळी मात्र ठासून भरू नये. जास्त झालेले ग्रीस तापून फुगते आणि सील ढकलून ब्रेकमध्ये उतरते.

सील दर वेळी नवी घालावी. तिचा ओठ ज्या बाजूचे ग्रीस किंवा तेल अडवायचे त्या बाजूला असावा आणि त्यावर थोडे ग्रीस लावावे. सील ज्या जागेवर घासते तेथे बोटाला खाच लागत असेल, तर नवी सीलही टिकणार नाही, हे मालकाला आधीच सांगावे.

नट कसणे हा या कामाचा प्राण आहे. टेपर बेअरिंगचा नट हातात जोर आहे म्हणून आवळायचा नसतो. हब फिरवत फिरवत नट कसावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करून पुन्हा हलकेच आणावा. शेवटी हब मोकळा फिरला पाहिजे आणि खेळ अगदी नाममात्र असला पाहिजे. नेमके माप प्रत्येक गाडीचे वेगळे असते, ते कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावे. फार कसले तर बेअरिंग जळते आणि चाक जाम होते. सैल राहिले तर चाक डुगडुगते आणि सील फाटते. स्प्लिट पिन किंवा लॉक वॉशर जुना वापरू नये. काही रुपयांच्या या पिनेवर संपूर्ण चाक अवलंबून असते.

नवा ड्रम बसवताना

नव्या ड्रमला गंज लागू नये म्हणून आत तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून मगच ड्रम बसवावा. नवा म्हणून मोजणे टाळू नये. नकली मालात माप कमी-जास्त निघते. हबच्या ज्या अंगावर ड्रम टेकतो तेथील गंज, रंग आणि कचरा खरवडून काढावा. तेथे एक खडा राहिला तरी ड्रम तिरका बसतो आणि चाकाचे नट काही दिवसांनी सैल पडतात.

शू सेट करताना अ‍ॅडजस्टर ड्रम घासेपर्यंत फिरवावा आणि मग चाक मोकळे फिरेल इतका मागे घ्यावा. तेलाची नळी उघडली असेल तर हवा काढावी. चाकाचे नट समोरासमोर अशा क्रमाने कसावेत, एका बाजूने गोल कसत जाऊ नये. साधारण ८० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा तपासावेत. नवे लायनर आणि नवा ड्रम एकमेकांवर बसायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी रिकाम्या किंवा हलक्या गाडीने मध्यम वेगात थोडे थोडे ब्रेक मारून ते बसू द्यावेत. ड्रम बदलून त्याच रात्री पूर्ण भरलेली गाडी घाटात पाठवणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय.

कारागिरांनी स्वतःच्या छातीची काळजी घ्यावी

ड्रम खोलताच आत काळी-राखाडी पूड दिसते आणि शागीर्द ती तोंडाने फुंकतो किंवा हवेचा पाइप मारतो. अनेक वर्षे लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात होते, आणि स्वस्त किंवा जुन्या मालात ते असू शकते. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुफ्फुसात जाऊन बसतात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. हा आजार वीस-तीस वर्षांनीही वर येतो, म्हणून आज खोकला नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. उपाय साधा आहे. पूड कोरडी उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा साबणाचे पाणी शिंपडून ती पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, चांगला मास्क लावावा आणि जेवणापूर्वी हात धुवावेत. कामाचे कपडे घरात मुलांजवळ नेऊ नयेत. दुकानाच्या उस्तादाने लहान पोरांना या कामापासून दूर ठेवणे, ही त्याची जिम्मेदारी आहे.

मालकाची जबाबदारी

पुष्कळ व्यापाऱ्यांचा समज असा की अपघात झाला तर ते ड्रायव्हरचे प्रकरण. कायदा असे मानत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, सदोष गाडी रस्त्यावर चालवणारा जसा जबाबदार, तसाच ती चालवू देणाराही जबाबदार आहे. दोष माहीत असणेच आवश्यक नाही. साधारण काळजीने जो दोष कळू शकला असता, तोही यात येतो. कलम १९४ प्रमाणे जादा वजनासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. परंतु दाखला त्या एका दिवसाचा असतो आणि गाडी वर्षभर घाट उतरते. दाखला आहे म्हणून ड्रम झिजायचा थांबत नाही.

दंडाचे एक वेळ बाजूला ठेवू. चार गाठी जास्त घातल्याने भाड्यात जी बचत होते, तिच्यापायी ड्रम, बेअरिंग आणि टायर लवकर संपतात, हा सरळ व्यापारी हिशेब आहे. त्यापुढे ड्रायव्हर, हमाल आणि रस्त्यावरची अनोळखी माणसे यांचे जीव आहेत. त्यांची भरपाई कोणत्याही वहीत लिहिता येत नाही.

म्हणून प्रत्येक गाडीसाठी एक वेगळी वही ठेवावी. त्यात प्रत्येक ड्रमचे माप, टर्न केल्याची तारीख, लायनर, बेअरिंग आणि सील बदलल्याची तारीख, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर लिहावेत. सुट्या भागांचे पक्के बिल घ्यावे आणि भागाचा नंबर त्यावर लिहून घ्यावा. जुना ड्रम दुकानात न सोडता स्वतः पाहावा. मिस्त्रीला घाई लावू नये आणि मजुरीत इतकी ओढाताण करू नये की तो सील किंवा पिन जुनीच घालील. मिस्त्रीनेही माप मालकासमोर घेऊन दाखवावे आणि हद्द संपली असेल तर गिऱ्हाईक नाराज झाले तरी तसे स्पष्ट सांगावे. गिऱ्हाईकाची गाडी ही त्याच्या हातातील अमानत आहे. जो कारागीर मापात खोट ठेवत नाही, त्याच्या दुकानासमोर गाड्यांची रांग आपोआप लागते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि सणासुदीच्या मालाची धावपळ लागण्यापूर्वी एक दिवस गाडी उभी ठेवून चारही चाके खोलून घ्यावीत. त्या एका दिवसाचे भाडे बुडेल, पण पुढचे कित्येक दिवस ड्रायव्हर निर्धास्त मनाने घाट उतरेल.